जावक क्रमांक ४१ मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. व्हिसा अधिकारी,
पती-पत्नी स्थलांतर कक्ष,
दूतावास, नवी दिल्ली.

अर्जदार : सुखराम डोमाजी रामटेके, निवृत्त आवक-जावक लिपिक, रा. महाराजपुर, जबलपुर (म.प्र.)

विषय : माझी मुलगी सौ. भावना अश्वजीत गजभिये हिचा व्हिसा ज्या निनावी पत्रामुळे अडकला, त्या पत्राबाबत खुलासा.

संदर्भ : १) दि. १२ ऑगस्टची मुलाखत व तीत मिळालेली पिवळी चिठ्ठी. २) सदर निनावी पत्र.

महोदय किंवा महोदया (मला आत सोडले नव्हते, त्यामुळे माहीत नाही),

१. कुटुंबीयांनी स्वतःच्या भाषेत खुलासा दिला तरी चालेल असे पिवळ्या चिठ्ठीवर छापले आहे, म्हणून हा अर्ज मराठीत करीत आहे. मुदत तीस दिवसांची आहे व आज एकोणिसावा दिवस आहे. आपल्याकडे मराठी वाचणारे कोणीतरी आहे हे मला पक्के ठाऊक आहे. कसे ठाऊक, ते पुढे येईल.

२. मी संरक्षण खात्याच्या कारखान्यात फाटकावर चौतीस वर्षे आवक-जावक लिहिली. आत येणारा ट्रक, बाहेर जाणारे खोके, साहेबांचा डबासुद्धा माझ्या नोंदवहीतून गेला. या कामात माणसाला संशयाची सवय लागते आणि ती निवृत्तीनंतर त्याच्याबरोबर घरी येते. आपल्या फाटकावरील शिपायाने माझे पेन काढून घेतले व पावती दिली नाही, हेही येथे नमूद करतो.

३. भावनाचे लग्न डिसेंबर २०२३ मध्ये अश्वजीत गजभिये याच्याशी झाले. मुलगा मूळचा भंडाऱ्याचा. आपल्या देशात रुग्णालयातील यंत्रे दुरुस्त करतो. लग्नानंतर चौतीस दिवस आमच्याकडे होता, मग नोकरीवर परत गेला. हे लग्न खरे नसावे अशी आपणांस शंका आहे व त्यास तीन कारणे दिली, असे मुलीने बाहेर आल्यावर फुटपाथवर उभ्या उभ्या रडत सांगितले. तिन्हींचा खुलासा क्रमाने करतो.

(अ) लग्नाच्या फोटोत होम नाही, भांगात कुंकू नाही, नवरी पांढऱ्या साडीत आहे. महोदय, आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात होम नसतोच. लग्न माझ्या घड्याळाने बावीस मिनिटांत लागले आणि जेवणावळ चार तास चालली. त्यात संशय घेण्यासारखे मलाही काही आढळले नाही, आणि मी शोधत होतो.

(आ) लग्नानंतरच्या एकाही फोटोत नवरा-बायको दोघेच नाहीत, मध्ये एक वृद्ध गृहस्थ बसलेले आहेत. ते गृहस्थ मी आहे. बरगी धरणावरच्या नावेत मी मध्ये आहे, भेडाघाटला मी मध्ये आहे, कुल्फीच्या दुकानातही मीच मध्ये आहे. परदेशात राहणारा मुलगा, त्याचे काय सांगावे, म्हणून नजर ठेवायला जात होतो. माझी पत्नी भागीरथा मला म्हणाली, "काहून एवढं तपासून राहिले जी? जवाई आहे का ट्रक आहे?" जावयाने मात्र एकदाही तोंड वाकडे केले नाही. नावेत तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा न मध्ये, नावेचं वजन बरोबर राहते." मला हे बोलणेही फार गोड वाटले, म्हणून त्याचीही नोंद घेतली.

(इ) निनावी पत्र. यासाठीच हा अर्ज आहे.

४. "तुमच्याच लोकांपैकी कोणीतरी मराठीत कळवले आहे की हे लग्न कागदोपत्री आहे," असे आपण मुलीला सांगितले. पत्र दाखवले नाही. परतीच्या गाडीत ती कटनीपर्यंत एकच वाक्य बोलत होती, "पापा, किसी अपने ने ही लिखा है." जबलपुरात हिंदीत लिहिले असते तर अख्ख्या शहरावर संशय गेला असता. मराठीत लिहिले म्हणून तो आमच्या कॉलनीतल्या सात घरांत आला, आणि सातांतून फिरत फिरत पुष्पाच्या दारात थांबला.

५. पुष्पा म्हणजे माझी चुलत बहीण, शेजारीच राहते. तिने आपल्या नवऱ्याच्या भाच्यासाठी, ललितसाठी, भावनाला मागितले होते व आम्ही नाही म्हटले होते. भावनाने तेवढेच धरले. आज सकाळी विहारात वंदनेला पुष्पा तिच्याशेजारी बसायला आली, तर भावना सगळ्यांसमोर उठून दुसऱ्या टोकाला गेली. पुष्पा एवढेच म्हणाली, "पोरी, मी तुले मांडीवर वाढवलं, मी काहून लिहीन वं?" मी पुरुषांच्या रांगेत डोळे मिटून बसलो होतो. मी डोळे मिटून बसत नाही, हे भागीरथाला माहीत आहे. ती माझ्याकडेच पाहत होती.

६. सदर निनावी पत्र मी लिहिले आहे.

७. कोणीही बाप मुलीसाठी आळ अंगावर घेईल, असा संशय आपणांस येईल. मला आला असता. म्हणून पुरावा देतो. पत्राच्या डाव्या कोपऱ्यात वरती "जावक क्र. ४१/घर" असे लिहिलेले आपणांस आढळेल. निनावी पत्रावर जावक क्रमांक कोणी टाकत नाही. मी टाकला, कारण क्रमांक न टाकता कागद घराबाहेर पाठवणे माझ्या हाताला जमत नाही. माझ्या घरच्या जावक वहीत ५ जानेवारी २०२४ ला याच क्रमांकाची नोंद आहे. विषय आणि सोबतची कागदपत्रेही मी रीतसर लिहिली होती, फक्त सही केली नाही. अक्षर या अर्जाशी ताडून पाहावे.

८. कारण पुढीलप्रमाणे. नव्या वर्षाच्या सुमारास जावई रोज गच्चीवर जाऊन तिकडच्या भाषेत हळू आवाजात बोलत असे. खाली आला की गप्प. माझी खात्री झाली की त्याचे तिकडे दुसरे घर आहे. तो व्हिसाचा फॉर्म भरायला बसला होता, त्यावरूनच मी आपला पत्ता उतरवून घेतला. तो आमच्या घरात जेवत होता आणि मी त्याच्याविरुद्ध पत्र टाकून आलो. त्यानंतर पोचपावती आली नाही. पोच नाही म्हणजे पत्र पोचले नाही, असे मी धरून चाललो.

९. या जुलैत मुलाखतीची फाइल लावताना जावयाच्या साहेबाचे पत्र हाती आले. भावनाने ते वाचून अर्थ सांगितला. जावयाला अठ्ठावीस दिवसांची रजा होती. आणखी सहा दिवस मिळावेत म्हणून तो साहेबाच्या मागे लागला होता आणि ते मिळाले नाहीत तर भावनाला वाईट वाटेल म्हणून कोणाला बोलला नव्हता. ते सगळे गच्चीवर चालले होते, असे त्याने तिला फोनवर सांगितले. महोदय, मी आयुष्यभर रजेचे अर्ज पाहिले. माझ्या घरात आणखी सहा दिवस राहता यावे म्हणून कोणी एवढा भांडला असेल, हे माझ्या डोक्यातच आले नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. तरी मी गप्पच राहिलो.

१०. आता लग्न खरे असल्याचा पुरावा. जावई गेल्यापासून रोज सकाळी सहा-चाळीसच्या सुमारास त्याचा फोन येतो. मी दाराशी खुर्ची टाकून प्रत्येक फोनची नोंद केली आहे. पाचशे त्रेसष्ट फोन आहेत. हेतू त्याला पकडण्याचा होता, तो लपवत नाही. नमुन्यादाखल : "मोहरी आधी की जिरे यावर वाद. जावयाची चूक. २५ मिनिटे." "त्याला ताप. मुलगी तीन वेळा उठून पाणी प्यायली." आणि पृष्ठ ८७ पाहावे : "बोलणे नाही. फोन चालू. ती शेंगा सोलते, तो भांडी घासतो. ४१ मिनिटे." या नोंदीपुढे मी त्या वेळी लाल शाईने "संशयास्पद" असा शेरा मारला होता. फेरतपासणीअंती तो शेरा मी सहीनिशी रद्द केला आहे. खोटे लग्न केलेली माणसे गप्प बसण्यासाठी फोन लावत नाहीत.

११. तरी विनंती की,
(क) जावक क्र. ४१ चे पत्र मागे घेतले आहे असे समजावे व मुलीचा व्हिसा द्यावा.
(ख) खोटी तक्रार केल्याबद्दल जी कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी. मला भेटीचा व्हिसा कधीच देऊ नये असा नियम असल्यास तो मान्य आहे. भागीरथाला मात्र द्यावा, तिने कधी कोणावर संशय घेतला नाही.
(ग) नोंदवही काम झाल्यावर परत करावी. मूळ प्रत आहे. मुलगी गेल्यावर दाराशी बसून लिहिण्यासारखे काही उरणार नाही, तेव्हा वाचायला लागेल.
(घ) या अर्जाची पोच द्यावी. का मागतो, ते आता आपणांस कळले असेल.

आपला नम्र, व यापुढे सही करूनच लिहिणारा,

(सही)
सुखराम डोमाजी रामटेके
महाराजपुर, जबलपुर
दि. ३१ ऑगस्ट २०२५
जावक क्र. ५८/घर

सोबत : १) फोनची नोंदवही, पृष्ठे १ ते १४२. २) घरच्या जावक वहीचे संबंधित पान. ३) जावयाच्या रजेचे पत्र. ४) बरगीच्या नावेतील फोटो (मधला मी कापून काढला आहे. दोघेच आहेत).

प्रत माहितीसाठी :
१) श्रीमती पुष्पा, शेजारी. स्वतः नेऊन देईन व उभा राहीन.
२) सौ. भावना. उद्या सकाळचा फोन झाल्यावर हातात देणार. तोंडाने सांगायला दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा चहा मागून परत आलो.

पोच मिळाल्याची सही : १) ____________ २) ____________