साहेबांना सोबत

७ फेब्रुवारी

खाल्ले! सगळेच्या सगळे! सकाळी टाकीत डोकावले तर एकही शिल्लक नाही. सुतळीएवढे निळे-तांबडे मासे, काल केवढ्या हौसेने आणले होते! रंगावरच भुलले मी. आमच्या कॉन्व्हेंट शाळेचा पट्टा अस्साच होता, आणि दुकानात ते चालले होते कसे — सिस्टरमागून चॅपेलकडे निघालेल्या मुलींसारखे! दुकानदाराने बजावलं होतं, "बाई, तुमच्याकडे ऑस्कर आहेत, मोठे मासे; त्यांच्या तोंडात मावेल तो मासा म्हणजे त्यांचा खाऊच." पण मी कुणाचं ऐकते!

ह्यांना सांगितलं. आधी डोळे मोठे केले, मग खांदे हलायला लागले. हसत होते! किती दिवसांनी! माशांचं वाईट वाटायचं सोडून मीही हसत सुटले. देवा, क्षमा कर.

८ फेब्रुवारी

ही टाकी ह्यांच्या भाच्याची. बदली झाली तेव्हा दोन धिप्पाड ऑस्करांसकट आमच्या गळ्यात मारून गेला — "मामी, मोठी जागा मिळाली की नेतो." त्यातला थोरला, आम्ही त्याला साहेब म्हणतो, आल्या दिवसापासून दगडाआड दडलाय. बाईसाहेब तेवढ्या खायला बाहेर येतात. दुकानदार म्हणतो, घोळक्याने पोहणारे मासे सोडा. ते बिनधास्त फिरताना दिसले की मोठ्यालाही धीर येतो — बाहेर धोका नाही म्हणून.

आमचे घरचे साहेब आतल्या खोलीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून जीभ अडखळते, म्हणून बेल वाजली की दार लोटून घेतात. जन्म गेला प्रुफं तपासण्यात. दुसऱ्याची चुकलेली वेलांटी कधी खपली नाही, स्वतःचा अडलेला शब्द कसा खपावा! स्पीच थेरपिस्ट परत परत सांगते, "काका, माणसांशी बोला, नाहीतर आलंय तेही जाईल." माझ्याशी बोलतात तेवढंच. आणि मला तर न बोलताच सगळं कळतं — तीच पंचाईत!

१० फेब्रुवारी

पुन्हा दुकान. मी बोट दाखवायचं, दुकानदाराने नाक मुरडायचं. रोझी बार्ब? "एक घास." टायगर बार्ब? "गुंड आहेत हो, साहेबांच्या शेपटीचे लचके तोडतील." ते चपळ, लांबुडके? "पळतात झकास, पण झोपेत काय करतील?" मग हा, एकटाच आहे बिचारा? "बाई, तुम्ही मासे घेताय की अनाथाश्रम काढताय?"

शेवटी सिल्व्हर डॉलर! जुन्या रुपयासारखे गोल, चपटे, चकचकीत. तोंडात मावायचे नाहीत. पण घोळकाच हवा, एकटे पडले तर तेही भितात म्हणे. म्हणून घोळकाच आणला. रिक्षात पिशवी मांडीवर, आणि मी चक्क शाळेतलं गाणं गुणगुणत होते! रिक्षावाला आरशातून बघत होता. बघेना का!

१२ फेब्रुवारी

दगडाआडून साहेबांचं नाक दिसलं. फक्त नाक.

१५ फेब्रुवारी

आले! भर दुपारी, टाकीच्या मधोमध, शेपूट हलवत! मी ओरडले, हे काठी टेकत आले. दोघं काचेला नाक लावून उभे. "रु... रुबाब बघ," हे म्हणाले.

आणि मला एकदम सुचलं. घोळका तर माझ्याकडेही आहे!

१६ फेब्रुवारी

लांबी आणि चिमणीला फोन केला. पहिलीपासून एका बाकावरच्या आम्ही. "मासे बघायला या." ह्यांना सांगितलं तर, "न... नको." मी म्हटलं, मासे बघायला येताहेत, तुम्हाला नाही. रागावले. फार आगाऊपणा केला का मी?

१८ फेब्रुवारी

बेल वाजली, आतलं दार लोटलं गेलं. मैत्रिणींचा आवाज म्हणजे मधली सुट्टी! टाकी बघून लांबी किंचाळली, "अगं, हे तर पिरान्हा, माणसं फाडणारे!"

चिमणी म्हणे, "काहीतरीच! पापलेटं आहेत ती."

"पापलेट गोड्या पाण्यात?"

"मग पिरान्हा काय हॉलमध्ये?"

दार उघडलं. हे काठी टेकून उभे, कपाळाला आठ्या. "पा... पा..." मी शब्द पुरवणार होते, ओठ आवळून धरले.

"पापलेट नाही. पि... पिरान्हा नाही. सिल्व्हर डॉ... डॉलर. शा... शाकाहारी!"

"अय्या, माझ्यासारखेच!" चिमणी म्हणाली.

"भावोजी, बसा आधी," लांबीने खुर्ची ओढली. "उभ्याने व्याख्यान नको."

बसले! दोघींच्या आणखी चुका काढल्या, अडखळत, हातवारे करत. मी चहाच्या निमित्ताने आत पळाले आणि पदरात तोंड खुपसून रडले-हसले. चहा उतू गेला. जाऊ दे!

२३ फेब्रुवारी

भाच्याचा फोन. जागा मिळाली, रविवारी टाकी न्यायला येतो म्हणाला. माझ्या तोंडून "बरं" निघतंय तोच ह्यांनी फोन काढून घेतला. झटक्यानंतर पहिल्यांदाच कानाला लावला.

"टाकी... नाही मिळायची. तू ये. ग... गप्पा मारू."