एवारिस्तो माझ्या घरातून गेला त्याची हकीकत

वाल्पाराइसो,
गुरुवार दुपार (गिऱ्हाईक नाही, म्हणून निवांत)

तीर्थस्वरूप एर्नेस्तिनाताईस,

धाकट्या भावाचा, अबेलार्दोचा, वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच समजावं. गुडघे आता चर्चमध्येसुद्धा वाकत नाहीत; फादर मला उभ्यानंच आशीर्वाद देऊन मोकळे होतात.) तुझा खोकला कसा आहे? तिकडच्या वाळवंटी हवेनं तो बरा होईल असं डॉक्टर म्हणाले होते, पण खोकला तुझा आहे, तो डॉक्टरचं कशाला ऐकेल. मुलगा, सून, नातवंडं खुशाल असतील. फोन करायचा सोडून पत्र का, असं तू विचारशील. ताई, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी पडलो न्हावी. गळ्याला वस्तरा लागला असताना माणूस मध्ये बोलत नाही, त्यामुळे माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं जाण्याची मला जन्माची सवय. फोनमधून तुझ्या गळ्याला वस्तरा लावायची सोय नाही, म्हणून हे पत्र.

तर बातमी अशी, की शेजारचा एवारिस्तो गेला. एवारिस्तो कार्कामो. तू ज्याला 'तो शिडीवाला' म्हणायचीस तोच. दोनदा तू इकडे आलीस आणि दोन्ही वेळेला तो शिडीवर होता, त्यामुळे त्याला पाय आहेत एवढंच तुला माहीत. खाली उतरल्यावर तो फार चांगला दिसायचा गं. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी सकाळी माझ्या मोरीचा नळ दुरुस्त करून गेला, घरी हात धुतले, जेवायला बसला, भोपळा-कणसाचा रस्सा चाखून 'मीठ बरोबर आहे' म्हणाला, आणि चमचा ठेवून मान खाली घातली ती वर केलीच नाही. नोल्फावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं, टेबलाचा पाय बघतोय. बिचारीनं विचारलंसुद्धा, "आता त्याला काय झालं?"

त्यांना असं वाटणं साहजिक होतं. हा माणूस कुठेही गेला तरी आधी काय मोडलंय ते बघायचा. बंदराच्या कारखान्यात आयुष्यभर क्रेन दुरुस्त केल्या, आणि संध्याकाळी टेकडी चढताना वाटेतलं जे जे डुगडुगत होतं ते ते घट्ट करत घरी यायचा. आपल्या पायऱ्यांचा कठडा आहे ना, भंगारातल्या जहाजाच्या नळ्यांचा, तो त्याचाच. चर्चचा मायक्रोफोनही त्यानंच सुधारला. (आधी त्यात टॅक्सीवाल्यांचं बोलणं यायचं. एका रविवारी फादरनी 'प्रभू कुठे आहे?' असं विचारलं आणि उत्तर आलं, 'बस स्टँडसमोर उभा आहे, गिऱ्हाईक सापडत नाही.') माझ्याकडे दाढीला बसला की त्याची मान मागे, नजर छतावर. अर्धी दाढी झाली की म्हणायचा, "शेजारी, वर ओल आलीय." की उठला, चालला. अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन हा माझ्या पत्र्यावर चढलेला साऱ्या बंदरानं पाहिलाय. फेस वाळायचा, मी खालून ओरडायचो, "अरे, आधी माणसासारखा दिसायला लाग, मग छत बघ!" तो वरून म्हणायचा, "दाढी उद्याही वाढेल. पाऊस उद्या आला तर?"

आणि घरचा म्हणशील तर असा नवरा, असा बाप मी पाहिला नाही. (मी नवराही नाही नि बापही नाही, म्हणून हे मोकळेपणानं सांगू शकतो.) एकदा नोल्फावहिनी इस्पितळात होत्या, तेव्हा हा तिन्ही मुलींना रांगेनं माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, वेणी कशी घालतात ते शिकव. मी शिकवली. पण त्याचा हात पडला जहाजाच्या दोरावर बसलेला. त्यानं घातलेल्या वेण्या वाऱ्यानं सुटेनात, झोपेत सुटेनात, अंघोळीत सुटेनात. वहिनी घरी आल्या तेव्हा तिघी जणी तशाच ताठ वेण्यांनी दारात उभ्या होत्या. त्या सोडवायला मला तेलाची बाटली घेऊन जावं लागलं. धाकटी यास्ना तर रडायला लागली. वेणी ओढली म्हणून नाही हं. बाबांची वेणी सोडली म्हणून.

असो. मी मूळ मुद्द्यावर येतो. (तू आता 'ये एकदाचा' म्हणाली असशील. ऐकू आलं.)

त्याची शेवटची दाढी मी केली. दुसरं कोण करणार? जन्मात पहिल्यांदा तो पूर्ण दाढी होईपर्यंत पडून राहिला. मीच सवयीनं दोनदा वर बघितलं. ओल नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला न्यायचं म्हणून सगळी टेकडी जमली. फादर आले, गाडी खाली रस्त्यावर येऊन थांबली, आणि तेव्हा कळलं की एवारिस्तोला घरातून बाहेर काढता येत नाही. ताई, ते घर तू पाहिलंयस. मुलगी झाली की एक खोली, असं करत करत त्यानं ते घळीच्या वर वाढवत नेलं. मूळचं दार कधीच कपाट झालं होतं, आणि जायचा-यायचा रस्ता म्हणजे भंगारातल्या बोटीचा लोखंडी गोल जिना. पलंग, फ्रिज, कपाटं सगळं आधी आत नेऊन मग त्यानं तो जिना बसवलेला. आदल्या रात्री शवपेटीच्या दुकानातल्या माणसांनी रिकामी पेटी उभी धरून वर नेली होती. आता भरलेली पेटी त्या वळणातून आडवी फिरेना. पेटीवाला टोपी हातात घेऊन अदबीनं म्हणाला, "उभी धरूनच न्यावी लागेल."

नोल्फावहिनी पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "जन्मभर उभ्यानं काम केलं त्यानं. आता तरी त्याला आडवा जाऊ दे."

मग आपला बंबवाला रोलांदो पुढे झाला. त्याचं म्हणणं, खिडकीबाहेर कप्पी आहेच, दोर बांधून घळीतून सोडू. त्या कप्पीनं एवारिस्तो गॅसचे सिलिंडर वर घ्यायचा. वहिनींनी रोलांदोकडे असं पाहिलं की तो आगीला न घाबरणारा माणूस पेटीमागे लपला. त्या म्हणाल्या, "सिलिंडर आहे का तो?" फादर म्हणाले, छप्पर काढलं तर? एक म्हणाला, जिनाच कापू. सगळे बोलत होते, गाडीचा ड्रायव्हर खालून हॉर्न देत होता, आणि ज्या एका माणसाला विचारलं असतं तर चुटकीसरशी तोड निघाली असती, तो मध्ये शांत पडला होता. सगळ्यांच्या नजरा सारख्या त्याच्याकडे जायच्या, आणि मग जो तो दुसरीकडे बघायचा.

तेव्हा मी म्हणालो, "माझ्या घरातून न्या."

आता टेकडीच्या उतारामुळे त्याची वरची जेवणाची खोली आणि माझं दुकान एकाच पातळीवर, मध्ये एकच भिंत, हे तुला ठाऊक आहे. माझं दार सरळ मोठ्या पायऱ्यांवर उघडतं. भिंत पाडली की रस्ता मोकळा. (मला आपल्या भिंतीची किती पर्वा आहे हे तू जाणतेस. त्याच्या ठोकाठोकीला कंटाळून मी त्याच भिंतीवर चपला आपटायचो.) रोलांदोला तर तेवढंच हवं होतं. तो धावत जाऊन कुऱ्हाड घेऊन आला, सगळ्यांना मागे सारलं, हातावर थुंकला, कुऱ्हाड उचलली, आणि यास्ना मध्ये येऊन उभी राहिली.

"कुऱ्हाड नको," ती म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर आणते."

मोठ्या भूकंपात ती भिंत पडली होती आणि एवारिस्तोनं एकट्यानं फळ्यांची नवी उभी केली होती, ते मी तुला तेव्हा कळवलं होतं. खिळे न मारता त्यानं सगळीकडे स्क्रू का लावले, असं मी तेव्हा विचारलं तर म्हणाला, 'लाकूड फुगतं, शेजारी.' मला काय कळतंय लाकडातलं? मी बरं म्हटलं. आता यास्नानं एकेक स्क्रू काढला. एकही गंजलेला नव्हता; सगळ्यांना तेल दिलेलं होतं. शेवटचा निघाला आणि ती आख्खी भिंत दाराच्या झडपेसारखी अलगद बाजूला झाली. पलीकडे माझा आरसा, माझी खुर्ची, माझी न धुतलेली कपबशी सगळ्या टेकडीला दिसायला लागली.

मी विचारलं, "यास्ना, हे काय गं?"

"बाबांनी केलं होतं," ती म्हणाली. "म्हणायचे, अबेलार्दोकाका एकटे असतात. आतून कडी लावून झोपतात. कधी पडले-झडले, नाहीतर परत जमीन हलली, तर आपल्याला त्यांच्यापर्यंत जाता आलं पाहिजे. आम्हा तिघींना शिकवलं होतं कसं उघडायचं ते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. तुम्ही रागावला असतात."

ताई, मी खरंच रागावलो असतो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हटलं असतं, मी काय म्हातारा झालोय का? इतकी वर्षं मी कडी लावून, एकटा आहे असं समजून झोपत होतो, आणि उशाशी एक आख्खं घर माझ्यासाठी जागं होतं.

मग पेटी उचलली. माझ्या दुकानाच्या मधोमध आले आणि रोलांदोचा श्वास संपला. (एवारिस्तो सडपातळ होता, पण पेटी मुलींनी चांगल्या जाड लाकडाची घेतली होती.) ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून त्यांनी पेटी माझ्या खुर्चीच्या हातांवर टेकवली. ती खुर्ची एवारिस्तोनंच तेल घालघालून अशी केलीय की बोट लावलं तरी फिरते. कुणाचा तरी धक्का लागला. पेटी संथपणे निघाली. फादर वाकले, रोलांदो बसला, पेटीवाला 'धरा धरा' करत तिच्याबरोबर फिरू लागला, आणि एवारिस्तोनं माझ्या दुकानात एक पूर्ण गोल फेरी मारली. जाता जाता फळीवरची कोलनवॉटरची मोठी बाटली त्यानं सगळ्यांच्या अंगावर उपडी केली, आणि बरोबर आरशासमोर येऊन थांबला.

मग नोल्फावहिनी म्हणाल्या, "बघून घे बाबा, छान दिसतोयस," आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना त्या दोन दिवसांत न आलेलं रडू आलं. मुली त्यांना बिलगल्या. मग सगळेच रडले. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कोलनवॉटरमुळे.

तिथून तो माझ्या दारातून, आडवा, ऐटीत बाहेर पडला. पायऱ्या उतरताना प्रत्येकानं एक हात पेटीला लावला होता आणि दुसरा त्याच्या कठड्याला. दफनभूमीत आम्ही सगळे इतके घमघमत होतो की शेजारच्या अंत्ययात्रेतली माणसं वळून वळून बघत होती.

तर अशी हकीकत. भिंत अजून लावलेली नाही. लावायची आहेच, पण स्क्रूड्रायव्हर कोणाकडे आहे ते विचारायचं राहून जातं. संध्याकाळी चहाच्या वेळेला नोल्फावहिनी पाव आणि ठेचलेला अवोकाडो घेऊन सरळ आत येतात, दार वाजवायचं कारणच उरलं नाही. म्हणतात, यास्ना, मी नि तो, अशा तीन माणसांचा चहा करायची सवय आहे, जातच नाही. मी तिसऱ्या माणसाचा चहा पितो आणि छताकडे बघतो. शिडी त्यांनी मला देऊन टाकली. मी अजून दुसऱ्या पायरीच्या वर गेलो नाही, पण परवा दिव्याचा बल्ब मीच बदलला. (उलटा फिरवत होतो. यास्नानं सांगितलं.) टेकडीवर आता दुरुस्तीला येतो त्या नव्या माणसाचं नळावर काही चालत नाही म्हणे; एवारिस्तोनं केलेला नळ मात्र एक थेंब गळत नाही. रात्री शांतता असते तेव्हा मुद्दाम ऐकतो. गळत नाही.

तब्येतीला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
अबेलार्दो

ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. भावोजींचा तो गडद निळा सूट अजून तुझ्या कपाटात असेल तर बसच्या पार्सलनं लगेच पाठव. ते माझ्यापेक्षा उंच होते हे मला माहीत आहे, विजार दुमडून घेईन. डांबराच्या गोळ्या काढून पाठव; कोलनवॉटर संपलंय. उगाच का म्हणून विचारू नकोस.

ता. क. दुसरा. विचारणारच तू. यास्नाचं लग्न एप्रिलमध्ये आहे, ठरल्या दिवशीच. पुढे ढकलायचं कुणीतरी काढलं होतं, पण वहिनी म्हणाल्या, त्यानं मांडवाचे खांब रंगवून ठेवलेत. परवा मी दुकान झाडत होतो, तर ती त्या भिंतीच्या जागेत येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "काका, चालाल का माझ्याबरोबर?" मला वाटलं बाजारात. म्हटलं, "थांब, पिशवी घेतो." पिशवी घेऊन, टोपी घालून मी बाहेर आलो तर ही पोरगी तोंडावर हात धरून हसतेय. हसतेय नि रडतेय. म्हणाली, "बाजारात नाही हो काका. चर्चमध्ये. माझा हात धरून, वेदीपर्यंत. बाबांच्या जागी."

सूट लवकर पाठव, ताई. विजार दुमडायला मला वेळ लागतो.