सगळ्यांची दुसरी पसंती

३ ऑगस्ट, रविवार
मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिलो. रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नाही. अध्यक्ष झालो की गणपतीत पहिल्या आरतीचं ताट माझ्या हातात. मग बघतो.
समोर दोघं. सुलतान बाजारातले कापडवाले हिम्मतराव आणि आयटीतली पल्लवी. कोठी-गौलीगुड्याची जुनी घरं त्यांच्या बाजूची, नवी मंडळी तिच्या. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळणार नाहीत. म्हणून मीच ठराव मंजूर करून घेतला: राष्ट्रपतींच्या निवडणुकीसारखं करू. नावांपुढे १, २, ३ असे आकडे. बहुमत नसेल तर सर्वांत कमी पहिली मतं ज्याची तो बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. माझ्याशिवाय कुणालाही कळलं नाही. फायदाच.

६ ऑगस्ट
प्रचार सुरू. हिम्मतरावांच्या दुकानात बसून त्यांच्याच माणसांकडे पहिलं मत मागणं बरं दिसेना. म्हटलं, पहिली त्यांनाच द्या, दुसरी फक्त मला. भगवंतराव म्हणाले, "हौ, दुसरी तुम्हालाच की. त्यात काय." इतकं सोपं असेल वाटलं नव्हतं.

९ ऑगस्ट
गच्चीबावलीत पल्लवीच्या लोकांनाही तेच सांगितलं. तेही लगेच हो म्हणाले. घरी येऊन हिला गणित समजावलं. सगळ्यांनी दुसरी मला दिली की झालं. ही भाजी निवडत होती. हौ म्हणाली.

१३ ऑगस्ट
आरतीसाठी जॅकेट शिवायला टाकलं. मोतिया रंग. कापड हिम्मतरावांकडचंच. त्यांनी आपणहून भाव कमी केला. बिचारे.

१७ ऑगस्ट, सकाळ
मत दिलं. पहिली मला. दुसरी हिम्मतरावांना, कापडाची आठवण ठेवून. ती कुठे मोजली जाणार आहे?

संध्याकाळ
हिम्मतराव वीस. पल्लवी वीस. मी एक.
सर्वांत कमी म्हणून पहिल्याच फेरीत बाद. चाळीस जणांनी दुसरी पसंती मला दिली होती, त्यातली एकही मोजायची वेळ आली नाही. नियमच तसा आहे. नियम माझा आहे. मग माझी एकुलती एक चिठ्ठी उघडली, तिच्यावरची दुसरी पसंती वाचली, आणि हिम्मतराव निवडून आले. त्यांनी मला मिठी मारली. पल्लवीने माझ्याकडे पाहिलं नाही.
ऑटोत बसल्यावर लक्षात आलं. एकच मत, आणि ते तर माझं. हिला विचारलं, तुझी पहिली कुणाला?
"पल्लवीला. तुम्हीच बोलले ना, सगळ्यांनी तुम्हाला दुसरी द्यायची." मग थोडं थांबून म्हणाली, "ती पोरगी भेटली की विचारते, काकू, कशा आहात."
वाईट वाटलं.

१८ ऑगस्ट
जॅकेट तयार आहे म्हणून शिंप्याचा फोन. नंतर बघू म्हटलं.
दुपारी हिला विचारलं, कशी आहेस.
ही हातातलं काम टाकून उठली. "क्या हुआ? छातीत दुखतंय का?"