माझ्याच फाइलमध्ये

सासूबाई,

वर्षभर मी स्त्रीबीज वाढायच्या गोळ्या गिळल्या, पोटात इंजेक्शनं टोचून घेतली. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "बीज छान वाढलंय." वर्षाअखेरीस तुमच्या मुलाची तपासणी झाली; रिपोर्ट आणून तुम्ही म्हणालात, "आमच्या मुलाचा रिपोर्ट चांगला आहे, खोट हिच्यातच." त्यावरच घटस्फोट झाला.

पण दवाखान्यात नवऱ्याच्या रिपोर्टची एक प्रत बायकोच्या फाइलला लावतात. काल मी माझी फाइल मागून आणली. शुक्राणू एकही नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. खाली रिपोर्ट नेल्याची तुमची सही.

तुमची नवी सून उद्यापासून इंजेक्शनं घेणार, असं कळलं. तिला गाठून फाइल दाखवली. तिनं विचारलं, "आईंना माहीत होतं?" मी सहीवर बोट ठेवलं.

आता हे पत्र टाकत नाही. तुमची सूनच फाइल घेऊन तुमच्याकडे निघालीय. दार तुम्हीच उघडा.

तुम्ही जिला वांझ म्हणालात,
ती