ओल्फाचा समुद्र आणि माझी कंबर

केरकेना बेट, रविवार

शाद्लियाताईस धाकट्या मोंजीचा सलाम. तुझे गुडघे, मेहुण्यांची साखर आणि गच्चीवरची मांजर, सगळे बरे असोत. मी ठणठणीत आहे (कंबरेविषयी खाली लिहितो).

तुझा हुकूम होता, की ओल्फा औषधांचं दुकान सोडून बेटावर नाच बसवतेय, तिचं बखोट धरून पुढच्या बोटीने स्फॅक्सला आण. स्वतः दोन वर्षं पोटच्या पोरीशी बोलत नाहीस, आणि बखोट मात्र मी धरायचं! असो. गेलो. नाच आपल्याच किनाऱ्यावर, वाळूत होता. विषय हवामानबदल, असं कागदावर छापलं होतं म्हणे (त्या कागदात मी भोपळ्याच्या बिया बांधल्या, वाचायचं राहिलं).

नाच संपेपर्यंत गप्प बसणार होतो गं. पण त्या पोरांनी खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण रोवलं होतं, आपण मासे अडवायला रोवतो तसं, आणि त्याचं तोंड समुद्राकडे! ओहोटीबरोबर परतणारा एकही मासा अडकला नसता. बाबांनी पाहिलं असतं तर जेवले नसते. मला राहवेना (तू म्हणशील, मोंजीला कधी राहवलंय?). चपला काढल्या आणि ऐन नाचात झावळ्या उपटून नीट रोवायला लागलो. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी गिरक्या घेत आली आणि मी रोवलेली झावळी पाडून गेली. मी पुन्हा रोवली, तिने पुन्हा पाडली. "अगं बाई, डोळे फुटले का तुझे?" मी ओरडलो. मागून म्हातारा स्लीमान ओरडला, "मोंज्या, खोल रोव! बेटाची लाज काढतोस!" आणि तोही आला, त्याच्यामागे आणखी चौघे. आम्ही रोवतोय, ती पाडतेय. मला काय ठाऊक, ती मुलगी म्हणजे चढत येणारा समुद्र होती, आणि कुंपण वाहूनच जायचं होतं?

शेवटी कंबरेत अशी चमक भरली की झावळी हातात घेऊन वाकलेलाच राहिलो. लोक टाळ्या वाजवत होते. ओल्फा धावत आली. वाटलं, आता मार खातो. तर ती रडत होती. "मामा, मला हेच दाखवायचं होतं, सुचत नव्हतं."

ताई, एक लपवलं होतं. बाबांच्या सात खजुरींपैकी पाच खाऱ्या पाण्याने गेल्या. नाचातल्या कुंपणाच्या झावळ्या त्या पाचांच्याच होत्या. पोरीने त्या मांडीवर घेऊन एकेक पुसल्या म्हणे. मला फार वाईट वाटलं.

तेव्हा बखोट धरायचं राहिलं. उलट तिनेच माझं धरलं. मी आता नाचात आहे, कायमचा, वाकलेला.

तुझा मोंजी

ता. क. मेहुण्यांना सांगू नकोस.

ता. क. २. शुक्रवारी हा नाच स्फॅक्सला आहे, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. येताना कंबरेचं मलम आण. मलमासाठीच आलीस, असं सांग हवं तर.

ता. क. ३. इथे पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. बसायला गेलो तर तुझी लेक म्हणाली, "मामा, ती आईची आहे." मी वाळूत बसलो. शुक्रवारी मी वाकलेला असेन, मला लोकांचे फक्त पाय दिसतात. तुझे सुजलेले गुडघे मी लगेच ओळखेन.