राहिलेली पायरी

४ मार्च, सोमवार
पहिलाच तास फसला. दवाखान्यातल्या वीस सिस्टर, दहा कॉम्प्युटर आणि मी. औषधांच्या नोंदी आता वहीत नाही, कॉम्प्युटरवर करायच्या. दोन आठवड्यांत शिकवायचं, मग परीक्षा. नापास होईल तिची वॉर्डातून बदली. मी भराभर दाखवत गेले, माना डोलल्या. 'आता तुम्ही करा' म्हटलं, तर सगळ्यांचे हात मांडीवर!

६ मार्च, बुधवार
मोठ्या सिस्टर — तीस वर्षं नोकरी, सगळ्या त्यांना वचकून — माऊस धरतात तो नाडी बघायला मनगट धरावं तसा. त्या अडल्या की मला राहवत नाही, मी माऊस ओढून घेते. आज म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत. मी कुठं केलं?"
दिवसभर मनाला खात राहिलं.

७ मार्च, गुरुवार
सोपा उपाय काढला. कागदावर पायऱ्या लिहून वाटल्या — हे दाबा, मग हे. सगळ्यांना झटपट जमलं! सुपरिंटेंडंट खूश.

९ मार्च, शनिवार
मोठ्या सिस्टर कागदाला हात लावत नाहीत. प्रत्येक बटणाला 'का?' घरी येऊन चिडचिड केली. हे म्हणाले, मग सांग ना का ते. जेवण गेलं नाही.

१२ मार्च, मंगळवार
कागदात चूक आहे. माझी! रुग्णाचं नाव खाटेच्या नंबराशी जुळतं का, हे बघायची पायरीच राहिली. माझे डोळे सवयीनं तिथं जातात, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. मोठ्या सिस्टरनी पकडलं. "खाट बदलली तर औषध कुणाला जाईल?"
आणि कालपासून दोघीजणी त्याच कागदावरून खऱ्या नोंदी करतायत.

संध्याकाळी — कालपासूनच्या एकतीस नोंदी मोठ्या सिस्टरबरोबर बसून एकेक पडताळल्या. एक औषध भलत्याच रुग्णाच्या नावावर. द्यायचं होतं आठला. सापडलं पावणेआठला.
सुपरिंटेंडंटना सांगितलं, चूक माझी. त्यांनी परीक्षेची तारीख तीच ठेवली. त्याचीच जास्त धास्ती.

१३ मार्च, बुधवार
कागद बंद. हात पाठीमागे बांधून उभी राहिले. चुकू दिलं, मग विचारलं, का चुकलं? फार हळू चाललंय. परीक्षा परवा!

१५ मार्च, शुक्रवार
अर्ध्या तासात वीस नोंदी करायच्या होत्या. एकोणीसजणी पास. मोठ्या सिस्टरच्या नऊच झाल्या. नऊच्या नऊ बरोबर. बाकी एकीच्याही सगळ्या बरोबर नाहीत, पण परीक्षा फक्त आकडा मोजते.

१६ मार्च, शनिवार
निकालावर सही माझी लागते. सुपरिंटेंडंटनी यादी पुढे केली, मोठ्या सिस्टरच्या नावापुढे 'नापास'.
नाही केली.