तिला विश्रांती देऊ नका

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, म्हणून नवी वही.

बारा वर्षं मी मिक्सर, इस्त्री आणि वॉशिंग मशीनसोबत येणारी माहितीपत्रकं लिहिली. ‘झाकण घट्ट लावल्याशिवाय बटण दाबू नये’ हे माझं सर्वांत गाजलेलं वाक्य. लोक ते वाचतात, पण भिंतीवर चटणी उडाल्यानंतर. आजपासून मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. एकेचाळिसाव्या वर्षी दिवसभर खेळायचं आणि त्यालाच काम म्हणायचं! बाबांना सांगितलं तर म्हणाले, लहानपणी खेळायचीस म्हणून तुला उगाच रागावलो.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लांबच लांब खोली, वीसेक माणसं, प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन. मॅडमनी काम समजावलं. खेळाचं नाव ‘सात वेशी’. तलवारी, चेटकिणी, बोलणारे दगड, सगळं काही आहे. या महिन्याच्या शेवटी तो बाजारात येणार आणि त्याआधी नवख्यांसाठी एक पुस्तिका हवी: पहिल्या नजरेत खेळ कसा वाटला आणि खेळताना काय सांभाळावं. आयुष्यात कधी असा खेळ न खेळलेलं माणूस त्यांना हवं होतं. तुम्ही जिथे अडखळाल तिथे सगळेच अडखळतील, असं त्या म्हणाल्या. मी ते कौतुक समजून घेतलं.

प्रोग्रामर एसीमुळे कायम लोकरी टोपी घालून बसतो, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणतात. त्याने माझ्या चेहऱ्याचे चहूबाजूंनी फोटो काढले, दोन पानं मोठ्याने वाचून घेतली. खेळणाऱ्याचाच चेहरा आणि खेळणाऱ्याचाच आवाज, हीच म्हणे या खेळाची खासियत. अर्ध्या तासात पडद्यावर मी उभी! अंगात चामड्याचं जाकीट, कमरेला सुरा. कंबर मात्र माझ्यापेक्षा बारीक.

मग खेळ प्रश्न विचारतो. घरी कोण वाट बघतं? तुम्हाला काय हाक मारतात? दार कसं वाजवता? मी लिहिलं: बाबा. मला ते चिमणे म्हणतात. दोनदा टकटक, थांबून एकदा.

पुस्तिकेतली पहिली सूचना तयार झाली: प्रश्नांची उत्तरं खरी द्या, खेळ आपलासा वाटतो.

घरी बाबा आणि मी, दोघंच. त्यांच्या डाव्या डोळ्याला कित्येक वर्षं फक्त उजेड-अंधार कळतो. उजव्याचं ऑपरेशन परवा झालं. पंधरा तारखेला, शनिवारी, पट्टी निघेल. तोवर खिडकीजवळची खुर्ची आणि रेडिओ. शेजारच्या नर्सकाकू रिटायर झाल्यात, पण हात अजून शिवशिवतात. त्यांच्याकडे आमची किल्ली आहे. दुपारी येऊन त्या औषध घालतात आणि जेवायला वाढतात. त्यामुळे माझा जीव टांगणीला नाही.

मंगळवार, ४ तारीख

दिवसभर खेळले. वीस मिनिटं एका दाराशी झटापट केली, ते ढकलायचं नव्हतं, ओढायचं होतं. नंतर एका बदकाने मला ठार मारलं. टोपी खुर्चीत लोळून हसला.

आजच्या सूचना: पहिल्या दिवशी बदकांच्या वाटेला जाऊ नका. दिसेल ते उचला, झाडूसुद्धा. गावातल्या प्रत्येकाशी दोनदा बोला, पहिल्यांदा सगळे नुसती हवापाण्याची चौकशी करतात. नकाशावर विसंबू नका, तो काढणाऱ्यालाही रस्ता माहीत नसावा.

सर्वांत आवडलं ते विश्रांतीचं बटण. ते दाबलं की ती, म्हणजे मी, गावातल्या आपल्या घराकडे चालत जाते, आत शिरते, दार लावते. अर्ध्या तासाने ताजीतवानी होऊन बाहेर येते. आपण पाच मिनिटं काहीच केलं नाही, तरी ती आपणहून जाते. शहाणी आहे. मी जेवायला गेले तेव्हा तिलाही विश्रांतीला पाठवलं.

गुरुवार, ६ तारीख

दुसरी वेस ओलांडली! चेटकिणीशी गोड बोललं तर ती वाट सोडते, हे मी स्वतः शोधून काढलं. टोपीलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बाबा खुशीत होते. दुपारी नर्सकाकू गेल्यावर तू आलीस ते बरं झालं, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, ऑफिस इथून बसने पाऊण तास आहे, मी कशी येईन? ते म्हणाले, आलीस, काही बोलली नाहीस, हात धरून बसलीस, हात मात्र गार होते तुझे.

गोळ्यांनी गुंगी येते असं डॉक्टर म्हणालेच होते. डोळा लागला असेल.

शुक्रवार, ७ तारीख

खेळात आपल्या पिशवीत काय काय आहे त्याची यादी दिसते. दुपारच्या विश्रांतीनंतर ती बाहेर आली तेव्हा यादीत एक नवी वस्तू होती: ‘अर्धं सफरचंद’. मी तर उचललं नव्हतं. टोपीला दाखवलं. त्याने दोनदा तपासलं आणि म्हणाला, या खेळात सफरचंदच नाही.

चूक सापडली म्हणून मॅडमनी माझं कौतुक केलं.

घरी आले तर टेबलावरच्या बशीत अर्धं सफरचंद, कापल्या बाजूने तांबूस पडलेलं. बाबांना विचारलं. अर्धं तूच नेलंस की दुपारी, ते म्हणाले.

बशीतलं अर्धं मी केरात टाकलं.

रविवार, ९ तारीख

सुट्टी. घर आवरलं, बाबांना पेपर वाचून दाखवला. मध्येच ते म्हणाले, आज बरी बोलतेस, दुपारची तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसतेस.

सकाळी जिन्यात नर्सकाकू भेटल्या, त्या घुश्श्यात होत्या. शुक्रवारी दुपारी वर चढताना मला त्यांनी तीन हाका मारल्या म्हणे आणि मी वळूनही पाहिलं नाही. तब्येत सांभाळ, किती बारीक झालीस, असंही म्हणाल्या.

काकूंच्या डोळ्यांवर पट्टी नाही.

सोमवार, १० तारीख

टोपीला म्हटलं, गावातलं ते घर आतून दाखव. तो म्हणाला, आत काही नाहीच, भिंतीवर दार रंगवलंय नुसतं. विश्रांतीच्या वेळी तिचं चित्र दिसेनासं करायचं, एवढंच. मग ती जाते कुठे, मी विचारलं. कुठे जाणार, तो म्हणाला, तेवढा वेळ ती नसते.

दीड वाजता तिला विश्रांतीला पाठवलं. दार लागलं. घरचा फोन लावला.

बाबांनी उचलला. मी म्हटलं, बाबा, मी बोलतेय.

“कोण मी?” ते हसत म्हणाले. “माझी चिमणी तर इथे बसलीय माझ्यापाशी.”

मग कुणीतरी रिसीव्हर घेतला. पलीकडे श्वासाचाही आवाज नाही. आणि मग माझ्या आवाजात, अगदी माझ्याच आवाजात:

“चुकीचा नंबर.”

मी बोटाला लागेल ते बटण दाबलं. पडद्यावर दार उघडलं, ती बाहेर आली. पुन्हा फोन केला. बाबा वैतागले होते. तू एकदम उठून गेलीस कुठे, विचारत होते.

म्हणजे ती इथे चालत असली की तिथे नसते. एवढं तरी कळलं.

मंगळवार, ११ तारीख

रजा टाकली. मी खेळलेच नाही तर ती येईल कशी? बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांना काही सांगितलं नाही, डोळ्यावर ताण नको. रेडिओ चालू. नर्सकाकू येऊन गेल्या.

दोनच्या सुमारास दार वाजलं.

दोनदा टकटक. थांबून एकदा.

मी हलले नाही. पुन्हा वाजलं. बाबा म्हणाले, अगं उघड ना, चिमणी आली. आणि मग ते थबकले. माझ्या हातातला हात त्यांनी हळूच सोडवून घेतला.

“मग तू कोण?”

मी म्हटलं, बाबा, मीच, मीच आहे. त्यांनी मान हलवली, पण हात पुन्हा दिला नाही. बाहेर बराच वेळ कुणीतरी उभं होतं. दाराखालच्या फटीत पावलांची सावली दिसत होती. मग ती गेली.

ऑफिसला फोन केला. माझा कॉम्प्युटर चालू आहे का? टोपी म्हणाला, हो, मॅडमना दाखवायला सकाळीच लावलाय. मी बंद करायला सांगितलं. त्याने केला असावा.

बुधवार, १२ तारीख

घरी राहून ती टळत नाही. ती इथे, पडद्यावर, माझ्या नजरेसमोर चालत राहिली पाहिजे. म्हणून आले. सकाळपासून चालवते आहे. डोंगर, नदी, पुन्हा डोंगर. पाच मिनिटं नाही, एक मिनिटही थांबू द्यायचं नाही. डाव्या हाताने लिहिते आहे; अक्षर वेडंवाकडं का, ते कळावं म्हणून सांगते.

सूचना: तिला विश्रांती देऊ नका.

टोपीने काल दुपारच्या नोंदी काढून पाहिल्या. विश्रांतीचं बटण कुणीही दाबलेलं नव्हतं, मध्ये पाच मिनिटांचा खंडही पडला नव्हता; ती आपणहून गेली होती. तो आधी हसत होता. नंतर त्याने डोक्यावरची टोपी काढून ठेवली.

दुपार— बाथरूमला जायचं होतं. बटणावर स्टेपलर ठेवला, ती गोल गोल फिरत राहील असा. दोन मिनिटांत परत आले. बटण दाबलेलंच होतं. ती थांबली होती. पडद्यातून सरळ बाहेर बघत होती. मी बसल्यावर वळली, घराकडे चालू लागली. मी सगळी बटणं— काही उपयोग नाही. दार लागलं.

रिक्षा करून घरी धावले. बाबा खुर्चीत एकटे. ठीक आहेत. म्हणाले, मघाशी म्हणालीस तसं करूया, शनिवारपर्यंत थांबायला नको.

काय करूया? त्यांनी सांगितलं नाही. तूच विसरलीस की काय, म्हणाले.

गुरुवार, १३ तारीख, सकाळी

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि सुट्टी घ्या म्हणाल्या.

बाबांना माझ्याबरोबर बाहेर चला म्हटलं होतं. आले नाहीत. कुणाबरोबर जायचं तेच कळत नाही गं, म्हणाले.

आता एकच उरलंय. तिला पुसून टाकायचं. ती खेळातच नसेल, तर घरी जाईल कुठून.

आत्ता नर्सकाकूंना फोन केला, आज दिवसभर बाबांजवळ बसा म्हणून. त्या म्हणाल्या, अगं पण तू घरातच आहेस की, आत्ताच दार लावून घेतलंस.

पडद्यावर गाव रिकामं. मी पुसायचं बटण दाबलं. अक्षरं आली:

‘हिला खेळातून कायमचं बाहेर काढायचं?’

हो दाबलं.

टोपी मागे उभा होता. तो म्हणाला, हे वाक्य माझं नाही. मी लिहिलंय ते ‘पुसायचं का’ एवढंच.

बाहेर.

बाहेर काढायचं, असं विचारलं होतं तिने— मी हो म्हटलं—

गुरुवार, जिन्यात

किल्ली फिरते, दार उघडत नाही. आतून कडी आहे.

दोनदा वाजवलं, थांबून एकदा. बाबा दारापाशी आले. म्हणाले, “कोण आपण? माझी लेक घरात आहे.” आपण म्हणाले मला.

नर्सकाकू त्यांच्या दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं, आमच्या दाराकडे पाहिलं. आत जाऊन त्यांनी कडी घातली. आता फोनवर कुणाशी तरी बोलताहेत.

आतून माझा आवाज येतोय. पट्टी काढूया, म्हणतेय. दोन दिवस आधी काढली तर काय होतंय. बाबा हसताहेत. आधी तुझं तोंड बघणार, म्हणाले.

मी ओरडले, बाबा, नको. दार बडवलं. खांदा—

हसणं एकदम थांबलं.

रेडिओसुद्धा—

बाबा. दाराच्या अगदी जवळून, हळू आवाजात. मला नीट ऐकू आलं.

“चिमणे, बाहेर तूच आहेस ना? आत येऊ नकोस. मी तिला धरून ठेवतो. पळ.”

कुठे पळू? त्यांना तिच्यापाशी सोडून—

कडी निघतेय. पायरीवर टेकवून लिहितेय, वही इथेच राहील. काकू, उचला, मॅडमना द्या, खेळ कुणाला देऊ नका म्हणावं. दार उघडलं. बाबांचा हात दिसतोय, हात तेवढा, मी तो धर